एकोणीस फ्रेम्स

कस्तुरीनं चौकटींचा पारदर्शक कागद सीडीच्या कव्हरवर ठेवला, चारही कोपरे जुळवले आणि गायिकेच्या चेहऱ्यावर पडणारे चौकोन मोजायला सुरुवात केली. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी भरलेला सोडून द्यायचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकशे बारा झाले. तिनं वहीत आकडा लिहिला, शेजारच्या रकान्यात ‘डोळे : समोर’ अशी नोंद केली आणि कव्हर डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

“केस नाही मोजत?” समोरच्या टेबलावर बसून चिप्स खाणाऱ्या देवनं विचारलं.

“केस वेगळ्या रकान्यात.”

“का?”

“केसांवरून माणूस काय विचार करतोय ते कळत नाही.”

“तू माझा मम्मीचा केस बघितला नाहीस सकाळी.”

कस्तुरी हसली, पण बोट तिनं चौकोनावरून उचललं नाही. पुढचं कव्हर एका माणसाचं होतं. त्याचा चेहरा लहान होता, बूट मोठे होते आणि एक बूट गाडीच्या बंपरवर होता.

“टोटल किती झाले?”

“एकतीस. अजून सतरा आहेत.”

“आणि मग मला कळणार मी कसा दिसायला पाहिजे.”

“मला कळणार,” कस्तुरी म्हणाली.

दोन हजार नऊचा जानेवारी होता. हाउन्सलोच्या त्या शाळेत मीडिया स्टडीज घेतलेल्या मुलांना ए लेव्हलच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, दुसऱ्या वर्षी एका नव्या बँडसाठी अल्बमचं कव्हर आणि गाण्याचा व्हिडिओ तयार करायचा होता. त्याआधी बाजारात असलेल्या कव्हरांचा अभ्यास. बाकीच्यांनी चार-चार कव्हरं घेऊन रंगांबद्दल पानभर लिहिलं. कस्तुरीनं लायब्ररी आणि हाय स्ट्रीटवरची जुन्या वस्तू विकणारी चॅरिटीची दुकानं पालथी घालून अठ्ठेचाळीस गोळा केली. तिचे बाकीचे दोन विषय गणित आणि भौतिकशास्त्र होते. तिचा तक्ता पाहून मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या की त्या अकरा वर्षं हा विषय शिकवताहेत, पण चौकोन मोजणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. कस्तुरीनं ते कौतुक म्हणून घेतलं. बरंचसं ते होतंही.

तक्त्यातून निघालेली एक गोष्ट तिला विशेष आवडली. अठ्ठेचाळीसपैकी अकरा कव्हरांवर पाय दिसत होते. त्या अकरांपैकी आठांवर एक पाय कशावर तरी ठेवलेला होता : स्पीकरवर, पायरीवर, भिंतीवर, एकदा गिटारच्या पेटीवर. ‘दोन्ही पाय जमिनीवर असलेला माणूस कव्हरवर फारसा चालत नाही,’ असं तिनं निष्कर्षात लिहिलं. मग व्हिडिओचा शेवट आपोआप ठरला. शेवटचा कॉर्ड वाजवून देव अॅम्प्लिफायरपर्यंत चालत येईल, डावा बूट त्यावर ठेवील आणि सरळ कॅमेऱ्यात बघेल. तीच चौकट अल्बमच्या कव्हरवर जाईल.

बँडमध्ये दोघंच होते. देव गाणं म्हणायचा आणि गिटार वाजवायचा; त्याचा प्राथमिक शाळेपासूनचा मित्र कीरन ड्रम वाजवायचा. बँडचं नाव होतं ‘टर्मिनल सिक्स’. शेजारच्या विमानतळावर पाचवं टर्मिनल नुकतंच सुरू झालं होतं आणि सहावं नव्हतंच. हा विनोद कीरनचा. देवचा जन्म इथला. कस्तुरी नऊ वर्षांची असताना नागपूरहून आली होती. दोघांच्या आया गणपतीत आणि संक्रांतीला भेटत, त्यामुळे मुलांची ओळख जुनी होती. पण या प्रोजेक्टला देवनं होकार देताना एक अट घातली होती.

“नो इंडियन स्टफ.”

“म्हणजे?”

“साडी नको, टेंपल नको, माझा मम्मी नको. बॅकग्राउंडला तबला नको.”

“तुमच्या गाण्यात तबला नाहीच आहे.”

“लास्ट टाइम पण नव्हता.”

हे खरं होतं. आदल्या शरद ऋतूत शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकानं ‘आपले लाडके बॉलिवूड रॉकर्स’ म्हणून त्यांना बोलावलं आणि ते स्टेजवर चढेपर्यंत कुणीतरी ढोलाची सीडी लावली. गाणं होतं एच थर्टीसेव्हन नंबरच्या बसची वाट बघण्याबद्दलचं. दुसऱ्या दिवशी तीन जणांनी देवला सांगितलं की त्याचं इंडियन गाणं छान होतं. कस्तुरी तेव्हा प्रेक्षकांत होती. तिनं अट वहीत लिहून घेतली आणि खाली सही केली. देवनंही केली. नंतर तिनं शाळेचा छापील संमतिपत्राचा कागद पुढे केला. चित्रित झालेलं सगळं वापरायची परवानगी त्यात होती. त्यावर त्यानं न वाचताच सही ठोकली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शाळेचा हॉल त्यांना दहा ते चार मिळाला. चारनंतर बॅडमिंटनवाले येणार होते. शाळेचा एक कॅमेरा, साठ मिनिटांच्या दोन टेप, कस्तुरीच्या घरचे दोन टेबल लॅम्प आणि देवचा अॅम्प. गुडघ्याएवढा उंच, काळा, पुढचं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं. शनिवारच्या कामाचे पैसे साठवून देवनं तो शेजारच्या हेझमधल्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतला होता.

गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं होतं, त्यामुळे छपरावरून जाणाऱ्या विमानांची काळजी नव्हती. शेवटच्या भागासाठी कस्तुरीनं एक गणित केलं होतं. गाणं दीडपट वेगानं वाजवायचं, देवनं त्याच वेगानं म्हणायचं आणि नंतर चित्र तेवढंच संथ करायचं. ओठ गाण्याशी बरोबर जुळतील, शरीर मात्र पाण्यात असल्यासारखं हलेल. कागदावर हे सुंदर होतं. हॉलमध्ये मात्र उंदीर गात असल्यासारखा आवाज यायला लागला आणि कीरन हसून हसून ड्रमवर आडवा झाला.

“हीच आपली खरी स्टाइल आहे,” तो म्हणाला. कीरनशी सगळे इंग्रजीतच बोलत. “असंच रिलीज करू.”

“तू उठ,” कस्तुरी म्हणाली. “टेप फिरतेय.”

तीन वाजता शेवटचा शॉट आला. देवनं कॉर्ड वाजवला, चार पावलं चालून आला, बूट अॅम्पवर ठेवला आणि किंचित वाकला.

“गिटारचा पिक पडला का?” कस्तुरीनं विचारलं.

“नाही.”

“मग वाकलास कशाला?”

“कुठे वाकलो?”

दुसऱ्या टेकला तेच झालं. तिसऱ्या टेकला कीरन ड्रममागून ओरडला, “अरे, पाय ठेवून झाल्यावर हा सलाम कसला ठोकतोस?”

“कसला सलाम?”

कस्तुरी व्ह्यूफाइंडरपासून बाजूला झाली. तिला कळलं होतं. तिच्या ओळखीतला प्रत्येक माणूस हे करायचा; ती स्वतः रोज करायची, बसमध्ये कुणाच्या दप्तराला बूट लागला की. ती मराठीत म्हणाली, “देव, तू नमस्कार करतोयस.”

“कोणाला?”

“अॅम्पला. पाय लागला म्हणून.”

“शट अप.”

तिनं टेप मागे नेली आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावरच्या देवनं बूट ठेवला. त्याचा उजवा हात तारांवरून निघाला, खाली गेला, अॅम्पला आणि मग कपाळाला लागला, आणि पुन्हा तारांवर आला. देवचे कान लाल झाले.

“परत घेऊ,” तो म्हणाला.

त्यांनी परत घेतलं. हात खिशात घालून बघितला. तो बसस्टॉपवर उभा असल्यासारखा दिसला. कीरननं हात गिटारला चिकटपट्टीनं बांधायचं सुचवलं आणि खरोखरच बांधला. तेव्हा देवची मानच खाली गेली.

“ते एक कपाट आहे असा विचार कर,” कस्तुरी म्हणाली. “वायरी भरलेलं कपाट.”

“मी विचार करतच नाही. दॅट्स द प्रॉब्लेम.”

“कीरन तर दिवसभर ड्रमला लाथा मारतो.”

“तो पेडलला मारतो. पेडल ड्रमला मारतो,” देव म्हणाला आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच हसायला लागला.

आठव्या टेकला जमलं. बूट अॅम्पवर, हात तारांवर, नजर समोर. कस्तुरीनं पडद्यावर बघितलं. इंजेक्शन घेताना माणूस दुसरीकडे बघतो तसा त्याचा चेहरा होता. अकराव्या टेकनंतर बॅडमिंटनवाले जाळी घेऊन दारात उभे राहिले.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पोळ्या चालू होत्या. कस्तुरीची आई, शिल्पा, दुपारी फार्मसीतली पाळी संपवून आली होती. वडील, यतीन, कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं काहीतरी बघत होते.

“आई, अॅम्पला पाय लागला तर नमस्कार करायचा का?”

“कशाला?”

“गिटारचा मोठा स्पीकर असतो तो.”

“वाद्य आहे ना? मग करायचा.”

“वाद्य कसलं?” यतीन मान वर न करता म्हणाले. “आवाज मोठा करणारं खोकं आहे ते. उद्या फ्रिजला पाय लागला तर करशील?”

“फ्रिजला कोण पाय लावतं?”

“मी तत्त्वतः विचारतोय.”

“तत्त्वतः तो लॅपटॉप खाली ठेवा आणि ताटं घ्या. परवा त्याला पाय लागला तेव्हा हात लावून काय पुटपुटलात?”

“त्याची वॉरंटी संपलीय, म्हणून.”

शिल्पा हसली. पोळी उलटताना तिच्या लक्षात आलं. “पण पाय लागला कसा कुणाचा?”

“लागला नाही. ठेवला. मी ठेवायला सांगितला.”

शिल्पाचा हात तव्यावर थांबला. “तू सांगितलंस?”

ती रागावली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. कस्तुरीनं वही उघडून अकरा कव्हरांचा रकाना काढला. गिटारच्या पेटीवर पाय, अशीही एक नोंद तिच्याच अक्षरात होती. ती लिहिताना काहीच वाटलं नव्हतं. ते सगळे पाय दुसऱ्यांचे होते, कागदावरचे होते. तिनं ते मोजले होते. देवला तिथे उभं करेपर्यंत तो पाय ओळखीच्या माणसाचा होणार आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“पोळी करपेल,” ती म्हणाली.

बुधवारी शाळेच्या एडिटिंगच्या खोलीत तिनं देवला बोलावलं. प्रोजेक्ट शुक्रवारी एक वाजेपर्यंत द्यायचा होता. एडिनबरा विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या जागेसाठी तिला तिन्ही विषयांत ए श्रेणी लागत होती, आणि गणित, भौतिकशास्त्राची तिला चिंता नव्हती. तिसरा ए या व्हिडिओवर अवलंबून होता. हे देवलाही माहीत होतं.

“आधी नुसतं बघ,” ती म्हणाली.

तिनं तिसरा टेक लावला होता, संथ केलेला. प्रत्यक्षात ती हालचाल एकोणीस फ्रेम्सची होती, सेकंदाहून कमी. तिनं मोजल्या होत्या. आता ती सेकंदाहून थोडी लांबली होती आणि तेवढ्यानं सगळं बदललं होतं. बूट वर चढला. हात तारांवरून सुटला, घाई न करता खाली गेला, बोटं लाकडाला लागली. कपाळाशी येताना डोळे मिटले आणि हात परत तारांवर आला तेव्हा उघडले, सरळ कॅमेऱ्यात. अठ्ठेचाळीस कव्हरांपैकी एकावरही अशी नजर नव्हती.

तिनं तिथेच चित्र थांबवलं.

“इथे हे लाल काय आहे?” कस्तुरीनं पडद्यावरच्या अॅम्पच्या फाटक्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“मम्मी. आणला त्या दिवशी कुंकू लावला. मी पुसला.”

“नीट नाही पुसलास.”

“कापडातून नाही जात.” तो खुर्चीत मागे टेकला. “कट इट.”

“देव, आपल्याकडचा हा सगळ्यात चांगला शॉट आहे.”

“आय नो.”

“मग?”

“म्हणूनच. लोक तेच बघणार. गाणी कोण ऐकणार नाही.”

“तुला कसं माहीत?”

“तुला कसं नाही माहीत? तू होती ना तिथे, ढोल वाजला तेव्हा?”

वहीतली सही कस्तुरीला आठवत होती. संमतिपत्राचा कागदही तिच्याच फाइलमध्ये होता. पण देवचं म्हणणं हा एक अंदाज होता, आणि अंदाज तपासता येतो.

“मी तपासू का?” तिनं विचारलं. “बारा जणांना दाखवते. सहा जणांना हे असलेला, सहा जणांना नसलेला. मग तू ठरव. तू म्हणशील ते.”

देव खुर्चीत पुढे सरकला. “माझ्या यिअरमधले नको.”

“खालच्या वर्गातले.”

“आणि कीरनला सांगू नको. तो एक्झिबिशन करेल.”

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं खालच्या वर्गातली बारा मुलं जमवली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. पहिल्या गटाला तिसरा टेक असलेला व्हिडिओ. दुसऱ्याला, शेवटच्या कॉर्डवर पडदा काळा होणारा. प्रत्येकाला तीन प्रश्न. गाणं कशाबद्दल आहे? काय लक्षात राहिलं? पुन्हा बघाल का? मुलं गेल्यावर तिनं उत्तरं एका कागदावर मांडली आणि शेवटचा रकाना भरून झाल्यावरही पेन हातात धरून बसली.

तिला देव चुकीचा ठरायला हवा होता. हे तिनं प्रयोगाआधी स्वतःशी कबूल केलं होतं. त्यामुळे आकडे पुन्हा तपासले. ते बदलले नाहीत.

देव आला तेव्हा तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. तो खालून वर वाचत गेला.

“पुन्हा बघाल का. सिक्स आउट ऑफ सिक्स.” त्यानं शीळ घातली. “दुसऱ्याला फक्त तीन. तू जिंकली.”

“पहिला प्रश्न बघ.”

त्यानं बघितलं. शेवट नसलेल्या गटात पाच जणांनी ‘बस’ लिहिलं होतं. सहाव्यानं ‘रिचमंड’, आणि तेही बरोबरच होतं. बस तिकडेच जाते. तिसरा टेक बघितलेल्या सहांपैकी दोघांनी ‘प्रार्थना’ लिहिलं होतं. एकानं ‘धर्म’. एका मुलीनं ‘त्याचे वडील वारले आहेत’. एकानं जागा कोरी सोडली होती. एकानं ‘बस’.

“डॅड वारले?” देव म्हणाला. “डॅड खाली गाडीत बसलाय.”

“तुम्ही गाण्यात एच थर्टीसेव्हन चौदा वेळा म्हणता.”

“फिफ्टीन.”

“पंधरा वेळा. आणि पाच जणांना ऐकू आलं नाही.” तिनं कागदाची घडी घातली. “तू बरोबर होतास.”

“पण त्यांना आवडलं ते.”

“हो. खूप आवडलं. गाणं नाही आवडलं.”

कस्तुरीनं माऊस धरला, तिसरा टेक पडद्यावर निवडला आणि काढून टाकला. एडिटिंगच्या पट्टीवर जिथे तो होता तिथे रिकामी करडी जागा उरली.

“तुझा एडिनबरा?” देवनं हळूच विचारलं.

“ते माझं मी बघते. अजून चोवीस तास नाही, पण एकवीस आहेत. तुझे डॅड किती वेळ थांबतील?”

देवचे वडील, हरीश, थांबले. तिघं बसस्टॉपवर गेले. कस्तुरी कॅमेरा घेऊन त्याच फुटपाथवर थोडी मागे उभी राहिली, हरीशकाकांनी तिच्यावर छत्री धरली आणि छत्रीची कड चौकटीत येऊ नये म्हणून तीनदा जागा बदलली. एच थर्टीसेव्हन आली. दार उघडलं. देव गिटार घेऊन चढला, कार्ड टेकवलं, आणि बस गेली. रस्ता रिकामा राहिला. एकाच टेकमध्ये झालं.

शुक्रवारी एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना तिनं प्रोजेक्ट दिला. पुढच्या आठवड्यात मिसेस प्रिचर्डनी तिला बोलावलं. काम मुलांचंच आहे याची खात्री करायला मूळ टेप बघायची त्यांची पद्धत होती. त्यांनी पडद्यावर तिसरा टेक थांबवून ठेवला होता, हात कपाळाशी असलेला.

“हे काय आहे मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मी चार वेळा बघितलं. हे तुझ्या व्हिडिओत का नाही?”

“त्याला नको होतं, मिस.”

“संमतिपत्रावर त्याची सही आहे.”

“कागदाला तो हो म्हणाला. मला नाही म्हणाला.”

मिसेस प्रिचर्डनी चष्मा काढला. “कस्तुरी, मी तुला स्पष्ट सांगते. आत्ताचा शेवट नीटनेटका आहे. बस येते, बस जाते. हा शेवट घातलास तर तू सगळ्यात वरच्या श्रेणीत जातेस. सोमवारपर्यंत मी मुदत देऊ शकते. तुला ए हवा आहे ना?”

“हवा आहे.”

“मग?”

“मी हे लोकांना दाखवून बघितलं, मिस. हे असलं की गाणं ऐकू येत नाही. मला गाण्याचा व्हिडिओ करायचा होता.”

“लोकांना दाखवलंस? किती?”

“बारा. दोन गट, चिठ्ठ्या टाकून.”

मिसेस प्रिचर्ड हसल्या नाहीत. “तो कागद तुझ्या फाइलला जोड. त्याचे गुण मिळतील.”

कस्तुरीनं हे आधीच पडताळून पाहिलं होतं. “जोडला तर कशाची चाचणी केली ते लिहावं लागेल. मग परीक्षकांना तेच कळेल.”

बाईंनी पडदा बंद केला. फाइलमधला कव्हरांचा तक्ता त्यांनी पुन्हा एकदा उघडला. सगळ्यात खाली, एकोणपन्नासाव्या ओळीत, कस्तुरीनं बसस्टॉपवरच्या देवची चौकट घेऊन स्वतः तयार केलेल्या कव्हरची नोंद होती. चेहरा : चार चौकोन. डोळे : समोर. पाय : दोन्ही जमिनीवर.

“हे तुझ्याच निष्कर्षाच्या विरुद्ध आहे,” त्या म्हणाल्या.

“हो. तसं मी खाली लिहिलंय.”

जूनमध्ये परीक्षा संपल्या आणि निकालाला दोन महिने होते. शाळा सोडून जाणाऱ्यांसाठी मागच्या मैदानावर दुपारचा कार्यक्रम होता. लाकडी फळ्यांचं छोटं स्टेज, बर्गरचा धूर, गवतावर दोनशे मुलं. कस्तुरी स्टेजच्या कडेला वायरची गुंडाळी धरून उभी होती. कॅमेरा शाळेला परत करून कितीतरी दिवस झाले होते. सूत्रसंचालकाला देवनं स्वतः जाऊन भेटून एक कागद दिला होता. त्यामुळे तो एवढंच म्हणाला, “टर्मिनल सिक्स.”

देव आधी चढला आणि गिटार जुळवायला लागला. मागून कीरन आला, ड्रमच्या दोन्ही काड्या उजव्या हातात, कुणाला तरी हात करत, समोर न बघता. त्याचा बूट अॅम्पच्या कोपऱ्याला धाडकन लागला. अॅम्प हलला.

कीरन थांबला. मग तो वाकला, मोकळ्या असलेल्या डाव्या हाताची बोटं त्यानं अॅम्पला लावली आणि कपाळाला लावली.

पुढे बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. कस्तुरीला वाटलं, हा चेष्टा करतोय, आणि तिनं वायर घट्ट धरली. पण कीरन प्रेक्षकांकडे बघत नव्हता. बूट लागल्यावर असं करायचं असतं हे कितीतरी वेळा बघितलेल्या माणसासारखा तो सरळ होत होता.

देवनं मान वर केली होती. त्यानं पाहिलं होतं. गिटारवरचा त्याचा हात तसाच राहिला, आणि डोक्यावरून विमान जायला लागलं म्हणून सगळ्यांनाच थांबावं लागलं. विमान गेलं.

“राइट हँड,” देव म्हणाला.

“काय?”

“राइट हँड, मेट. लेफ्ट नाही.”

कीरननं हातातल्या काड्यांकडे बघितलं, त्या डाव्या हातात घेतल्या आणि पुन्हा वाकला. देव तो सरळ होईपर्यंत थांबला. मग कीरन ड्रममागे जाऊन बसला, आणि त्यानं काडीवर काडी आपटून चार मोजले.